टेनिस एल्बोवर इंजेक्शन घ्यावं का?

पोळ्या लाटताना आणि कपडे पिळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, हा टेनिस एल्बोच का आणि डॉक्टर म्हणतात ते इंजेक्शन घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

ओळखायला सोपं आहे. हात कोपरात सरळ, तळवा जमिनीकडे. कुणालातरी मधलं बोट वरून दाबायला सांगा आणि तुम्ही ते वर रेटा. बाहेरच्या हाडाच्या टोकाशी नेमकी कळ आली की बहुतेक तेच. दुखतो तो कोपराचा सांधा नव्हेच, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची तिथे चिकटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखते. म्हणून एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो.

इंजेक्शन? माझं मत: नको. पोळी-भाजी केंद्रात दिवसाला दोनशे पोळ्या लाटणाऱ्या बाई हे स्टेरॉईडचं, म्हणजे सूज मारणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घेतात, आठवड्यात दुखणं पळतं, त्या खुशीत दुप्पट काम उपसतात आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा दारात. मग दुसरं इंजेक्शन. हे चक्र मी इतकं पाहिलंय की चीड येते. जुनाट दुखण्यात तिथे फारशी सूज नसतेच, तंतू झिजून विस्कटलेले असतात. सूज मारणारं औषध झीज कशी भरणार? ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांच्या २०१३ मधल्या चाचणीत स्टेरॉईड घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं वर्षभरात पुन्हा उलटलं, नुसतं सलाईनचं पाणी टोचलेल्यांत १२ टक्क्यांचं.

कंडरेला हवं असतं ते मोजकं ओझं. पुढचा हात टेबलावर, मनगट काठाबाहेर, तळवा खाली, मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. पहिले दोन आठवडे मनगट सरळ रेषेत ४५ सेकंद नुसतं धरायचं, पाच वेळा, मधे दोन मिनिटं थांबून. नंतर दुसऱ्या हाताने बाटली वर न्यायची आणि दुखऱ्या हाताने चार सेकंदांत सावकाश खाली सोडायची. पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली असली तर बाटलीतलं पाणी कमी करा. तीन महिने धरून चाला. लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि व्यायामाला नावं ठेवतात. नुसता आराम केलात तर कंडरा आणखी कमजोर होते.

टेनिस एल्बोचा पट्टा वापरत असाल तर तो हाडावर बांधू नका, दोन बोटं खाली मांसल भागावर, रात्री काढा. कपडा नळाला अडकवून पिळा. लाटणं आवळू नका, तळव्याने ढकला. पिशवी उचलताना तळवा वर.

आणि हो, बोटांना मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल किंवा हाडापासून चार बोटं खाली जास्त दुखत असेल, तर मामला नसेचा असू शकतो, आधी तपासून घ्या. कोपर सुजून गरम झालं असेल तर डॉक्टरकडे जाच. लग्नघरचा स्वयंपाक तोंडावर आहे म्हणून एखादं इंजेक्शन घेणाऱ्याला मी अडवणार नाही. फक्त मधुमेह असेल तर नंतरचे काही दिवस साखर रोज तपासा, ती चढते.