लेक म्हणते, गणिताचं तत्त्वज्ञान करणार!

प्रश्न : मुलगी एमएस्सी मॅथ्स झाली, चांगल्या मार्कांनी. आम्हाला वाटलं आता बँकेची परीक्षा देईल नाहीतर डेटा सायन्सचा कोर्स करेल, पण तिचं एकच, फिलॉसॉफी ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये पीएचडी करायची. हळदीकुंकवाला नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "गणित जमलं नाही वाटतं." हिचे बाबा तर महिनाभर घुश्शातच आहेत. यात रिसर्च म्हणजे नक्की करतात काय आणि पोटापाण्याचं काय?
– एक आई, वारजे

उत्तर : ताई, आधी नणंदबाईंचं मिटवू. गणित जमत नाही म्हणून या वाटेला कोणी जात नाही हो, उलट प्रूफ तोंडपाठ असूनही 'पण हे खरं मानायचं कशावरून' हा किडा ज्याच्या डोक्यातून जात नाही तोच तिकडे वळतो. मी बत्तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, अशी पोरं मोजून तीन-चार भेटली, आणि खरं सांगतो, 'आधी सिलॅबसचं बघ' म्हणून मीच त्यांना गप्प बसवलं.

करतात काय, ते घरी करूनच बघा. पुण्याच्या पेठांचा नकाशा आणि स्केचपेन घ्या. नारायणला एक रंग, सदाशिवला दुसरा, असं भरत जायचं, अट एवढीच की हद्द लागून असलेल्या दोन पेठा एका रंगाच्या नकोत. चार रंगांत काम भागतं, आणि पेठाच कशाला, असा कुठलाही सपाट नकाशा घ्या, चार पुरतात. १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री नावाच्या तरुणाला इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना हे सुचलं. १८७९ मध्ये केंप यांनी प्रूफ दिलं, लोकांनी माना डोलावल्या, आणि १८९० मध्ये हीवुड यांनी त्यातली चूक दाखवली. म्हणजे ११ वर्षं सगळे ज्याला प्रूफ म्हणत होते ते नक्की काय होतं? पुढे १९७६ मध्ये अमेरिकेत इलिनॉयला ॲपेल आणि हाकेन यांनी कॉम्प्युटरला जुंपलं, त्याने हजाराच्या वर तास केसेस तपासल्या आणि सांगितलं, बरोबर आहे. आता एवढं सगळं एकट्या माणसाने हाताने तपासणं कुठलं शक्य? १९७९ मध्ये टिमोचको या तत्त्वज्ञाने नेमकं तिथेच बोट ठेवलं, की बाबांनो, हे गणिताचं प्रूफ की लॅबमधला प्रयोग, कारण भरवसा तर मशीनवर ठेवलाय. तो वाद अजून चालू आहे, आणि आता प्रूफ तपासायची सॉफ्टवेअर आल्यावर तर त्याला जास्तच धार आलीय. तुमच्या लेकीचं काम ते हेच, जुने पेपर उकरायचे, गणित स्वतः सोडवून बघायचं, आपला मुद्दा मांडायचा आणि सेमिनारमध्ये कोणी तो फोडला की घरी येऊन परत लिहायचा.

वेळ लागतो, हे मात्र खरं. हंगेरीचे गणिताचे तत्त्वज्ञ इम्रे लाकातोश घ्या. जन्म १९२२ चा, १९५० ते ५३ कैदेत, १९५६ च्या उठावानंतर देश सोडून इंग्लंडला, आणि केंब्रिजची पीएचडी १९६१ मध्ये, म्हणजे चाळिशीच्या तोंडावर. विषय काय, तर ऑयलर या गणितज्ञाचं एक सूत्र आणि त्याची प्रूफं. ठोकळ्याचे कोपरे ८, कडा १२, बाजू ६, आणि ८ वजा १२ अधिक ६ म्हणजे २. सूत्र म्हणतं, सपाट बाजूंचा कुठलाही ठोकळा घ्या, २ च येणार. पण ठोकळ्याच्या पोटात तसाच पोकळ ठोकळा कोरला की सगळं दुप्पट होऊन उत्तर ४ येतं! मग चुकलं काय, सूत्र की 'ठोकळा' म्हणजे काय ही आपली समजूत? या एका खटक्याभोवती त्यांनी प्रबंध उभा केला आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शेवटपर्यंत शिकवलं (बाबासाहेब शिकले तीच संस्था, नणंदबाईंना सांगायला बरं). तुमची लेक आत्ता कुठे चोविशीत असेल.

पोटापाण्याचं सरळ सांगतो, जागा कमी आहेत. म्हणून आधी फिलॉसॉफीत एमए करू दे, गणेशखिंडीला विद्यापीठात विभाग आहे, आणि त्या विषयातून नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, द्यायला ते उपयोगी पडतं. त्याच परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं वेगळं. पीएचडीसाठी पवईला आयआयटीतही विचारावं. हो, आणि गणित सुटू देऊ नका, दोन्हीकडे शिकवता आलं तर नोकरीच्या वेळी बरं पडतं. गाईड ठरवण्याआधी तिने त्यांचे दोन-तीन पेपर वाचावेत, नुसतं नाव ऐकून जाऊ नये, त्यात माझ्या ओळखीतल्या एकाची चार वर्षं गेलीयत.

आणि बाबांचा राग? त्यांच्यापुढे तो पेठांचा नकाशा ठेवा आणि स्केचपेन मात्र तीनच द्या. चौथा लागतो का, ते त्यांचं त्यांना बघू दे.