फोटोखालची नावं

चि.,

पुढे तुझं नाव मुद्दामच घातलेलं नाही. जन्मभर नावांवरून भांडलेल्या बाईचं पत्र, आणि तेच बिननावाचं, म्हणून हसशील. हस. पण हे पत्र तू दोघाचौघांना दाखवल्याशिवाय राहणार नाहीस, ते फिरत फिरत तुझ्या मॅनेजरकडे जाईल, आणि तुझ्या फ्लॅटचे हप्ते अजून सुरू आहेत. कामाबद्दल लिहायचं तेव्हा माणसाचं नाव घालायचं, कुरबुरीबद्दल लिहायचं तेव्हा नाही, हा माझा जुना नियम.

तुमच्या कंपनीच्या न्यूजलेटरसाठी लिहिलेला तुझा लेख आणि त्याची 'सुधारलेली' आवृत्ती, दोन्ही वाचलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळा डेटा जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवला, पहाटे सर्व्हर रूमचा एसी बंद पडला, फॅसिलिटीच्या माणसाने येऊन तो चालू केला, सकाळी सिस्टिम वेळेवर सुरू. तू सात नावं लिहिली होतीस. मॅनेजरने ती काढली आणि 'आमच्या जिगरबाज टीमने' असं घातलं. कारणं तीन दिली: प्रायव्हसी, दुसऱ्या कंपन्या माणसं उचलतात, आणि ज्यांची नावं नाहीत ते रुसतात. आता तू मला विचारतोस, एवढ्याशा गोष्टीसाठी ताणून धरावं का, नाहीतरी न्यूजलेटर वाचतं कोण?

ज्याचं नाव आहे तो वाचतो. त्याच्या घरचे वाचतात. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा तर तीनतीनदा वाचतो, आपलं का नाही म्हणून. तुमच्या ॲपवर किती क्लिक पडले त्याचा तक्ता पाठवलास, तो मी उघडलेला नाही. 'जिगरबाज टीम' वाचायला कोण कशाला क्लिक करेल? गल्लीतल्या गणपतीच्या अहवालातसुद्धा एक्कावन्न रुपये देणाऱ्याचं नाव छापून येतं.

माणसं उचलली जातात, या मुद्द्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण हा मुद्दा मी नोकरीभर ऐकला आणि तो ऐकवणाऱ्यांना व्हिडिओ गेम काढणाऱ्या अटारी कंपनीची गोष्ट ठाऊक नसते. तू गेम खेळणारा, तुला निम्मी ठाऊक असेल.

नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी 1972 मध्ये कॅलिफोर्नियात अटारी काढली. ॲल ऑलकॉर्नने 'पाँग' हा खेळ बनवला. खरं तर बुशनेलने नव्या माणसाचा हात बसावा म्हणून दिलेलं ते काम. दुसऱ्याच वर्षी कंपनीचं घरचं पत्रक निघालं. नाव काय, तर 'द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट पाँग'. बायबलचीच फिरकी! साहेब टवाळ आणि नोकरही टवाळ, अशी ती कंपनी. एवढ्याशा कंपनीत नावं छापली काय आणि न छापली काय, सगळे एकमेकांना ओळखतातच. घरच्या पत्रकाची खरी गरज लागते ती माणसं एकमेकांना ओळखेनाशी झाल्यावर. आणि नेमकं तेव्हाच नावं गाळायला सुरुवात होते, हे मी इथेही पाहिलं.

1976 मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने अटारी 2 कोटी 80 लाख डॉलरला विकत घेतली. 1978 मध्ये रे कॅसार प्रमुख झाले. ते कापडउद्योगातून, बर्लिंग्टन इंडस्ट्रीजमधून आलेले. त्यांच्या काळात नियम असा: खेळ कुणी लिहिला हे खोक्यावर छापायचं नाही, बाहेर कळू द्यायचं नाही. कारण तुझ्या मॅनेजरचंच: नाव फुटलं की प्रतिस्पर्धी माणूस उचलणार.

मग मार्केटिंगवाल्यांनी एक पानी मेमो फिरवला. आदल्या वर्षी कोणती कार्ट्रिजं, म्हणजे खेळ भरलेल्या डब्या, किती खपली त्याची टक्केवारी. हेतू साधा होता, जे खपतं तसं आणखी लिहा. त्या पानावर प्रोग्रामरचं नाव नव्हतं. पण कोणता खेळ कुणी लिहिला हे डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड यांना सांगायला कुणी लागत नव्हतं. क्रेनने पुढे अनेकदा सांगितलंय: त्यांनी बेरीज मारली, तर सुमारे 10 कोटी डॉलरच्या विक्रीत साठ टक्के वाटा या चौघांचा निघाला. ते कॅसारकडे गेले. मागणी पुस्तकाच्या लेखकासारखी, विक्रीतला थोडा हिस्सा आणि नाव. क्रेनच्या सांगण्याप्रमाणे उत्तर असं मिळालं, की कार्ट्रिज जोडणाऱ्या असेंब्ली लाइनवरच्या माणसापेक्षा तुमचं महत्त्व काही जास्त नाही. 1979 मध्ये चौघं बाहेर पडले आणि ॲक्टिव्हिजन उभी राहिली. तिथे खेळाबरोबर तो लिहिणाऱ्याचं नाव आणि फोटोसुद्धा. अटारीने 1980 मध्ये त्यांना कोर्टात खेचलं, 1982 मध्ये ते मिटलं, पण गेलेली माणसं काही परत आली नाहीत.

त्याच सुमाराला वॉरन रॉबिनेट 'ॲडव्हेंचर' लिहीत होता. सगळा खेळ चार किलोबाइटमध्ये बसवायचा, एकेका बाइटसाठी मारामारी. त्यातूनही त्याने एका गुप्त खोलीपुरती जागा काढली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, दिसेल न दिसेल असा एक ठिपका उचलून नेला तरच त्या खोलीत जाता येतं. आत उभ्या ओळीत लिहिलेलं: 'क्रिएटेड बाय वॉरन रॉबिनेट'. कुणाला न सांगता तो नोकरी सोडून गेला. 1980 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका पोराला ती खोली सापडली आणि त्याने अटारीला पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीला कळलं. नाव बाहेर छापू दिलं नाही, तर माणूस ते भिंतीच्या आत लिहून ठेवतो. हा परिच्छेद मॅनेजरला खुशाल दाखव.

कॅसारचं ते वाक्य मला निम्मं पटतं, गंमत म्हणजे. असेंब्ली लाइनवरचा माणूसही तेवढाच महत्त्वाचा? अगदी बरोबर. मग छापा ना बाबा दोघांचीही नावं!

आता माझं. मुंबईत सीप्झमधल्या, म्हणजे अंधेरीच्या निर्यात उद्योग वसाहतीतल्या, एका कंपनीत मी गृहपत्रिका काढायचे. आयबीएम 1978 मध्येच देश सोडून गेलेली, देशी संगणक कंपन्यांना दिवस बरे होते. ग्रुप फोटो आला की त्यावर बटरपेपर ठेवायचा, पेन्सिलने एकेका डोक्याची कड काढायची, त्यात आकडा घालायचा, आणि तो कागद घेऊन खात्यात जायचं. फोनवर विचारलेलं मला चालायचं नाही. 'नऊ नंबर कोण?' 'तो पाटील.' 'कुठला पाटील?' स्टोअर्समध्ये तीन पाटील, त्यातल्या दोघांची आद्याक्षरंही एकच. मग वडिलांचं नाव पूर्ण लिहायचं. लोक वैतागायचे. 'आली बघा खानेसुमारीवाली' असं म्हणायचे, आणि अंक निघाला की आधी तेच पान उघडायचे.

मग वरून हुकूम आला: ओळीला ओळ लागून नावं आली की पान गचाळ दिसतं, 'कार्यकारी संचालकांसमवेत कर्मचारीवर्ग' एवढं पुरे. छापखान्यात जाण्याआधी अंक वरच्या मजल्यावरून तपासून यायचा, तिथे नावांवर काट मारलेली असायची. मी वाद घातला नाही. पुढच्या अंकात शेवटच्या पानावर एक चौकट घातली: 'मागील अंकातील छायाचित्राखालील नावे अनवधानाने राहून गेली, ती अशी.' डावीकडून, सगळी. त्याच्या पुढच्या अंकात पुन्हा तेच. दिलगिरीच्या चौकटीवर काट कशी मारणार? 'अनवधानाने' हे धडधडीत खोटं होतं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. लोक म्हणतात मी हट्टी होते, वेळ नसलेल्या माणसांचा वेळ खाल्ला, एवढ्या हट्टाने मोठ्या मासिकात गेले असते तर नाव काढलं असतं. असेल. पण आज त्या कंपनीचा जो काही कागद उरलाय, त्यात ती माणसं नावानिशी आहेत, हे कुणी केलं? मीच केलं. बढाई वाटली तर वाटू दे.

सल एवढीच आहे, की बोर्डांवर सोल्डरिंग करणाऱ्या बायका कंत्राटदाराच्या हजेरीपटावर होत्या. आमच्या याद्यांत त्या नव्हत्या, आणि माझ्या फोटोंमध्ये त्या कडेला, अर्ध्या कापलेल्या आहेत. पुढे चौकशी केली तर कंत्राटदारच राहिला नव्हता.

असे फोटो जगभर आहेत. 1946 मध्ये फिलाडेल्फियाला एनिॲक या संगणकाचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. त्याचे प्रोग्रॅम बसवणाऱ्या सहा जणी होत्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास, रूथ लिक्टरमन. फोटोत त्या दिसायच्या, खाली नावं नसायची. 1980च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने, या बायका कोण म्हणून विचारलं, तर तिला सांगण्यात आलं की त्या मॉडेल असाव्यात, फ्रिजच्या जाहिरातीत दार धरून उभ्या करतात तशा. त्यातल्या जेनिंग्ज आणि स्नायडर पुढे एनिॲक बांधणाऱ्या एकर्ट आणि मॉकली यांच्याच संगणक कंपनीत कामाला गेल्या होत्या, साध्यासुध्या कामाला नव्हे. फोटोखाली एक ओळ असती तर चाळीस वर्षांनी त्यांना शोधत फिरावं लागलं नसतं. त्या पोरीला प्रश्न पडला म्हणून बरं. नाहीतर मॉडेल म्हणूनच राहिल्या असत्या.

प्रायव्हसीचा मुद्दा मी फार मनावर घेत नाही. लोकांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा आहे, माहीत आहे. मग संमती घे. सात जणांना एकेक मेसेज: 'तुझं नाव छापतोय, चालेल ना?' एखादा नको म्हणाला तर त्याचं गाळ, बाकीच्यांचं ठेव. जे काम पाच मिनिटांत होतं, त्यासाठी कायद्याचा बाऊ करणाऱ्या माणसाला तो बाऊच हवा असतो.

राहता राहिलं रुसण्याचं. हो, रुसतात. रुसलेला माणूस तुझ्याकडे येतो आणि सांगतो, 'बॅकअप मी तपासला होता, माझं नाव कुठाय?' उत्तम! तुझी बातमी पुरी झाली. पुढच्या अंकात चौकट घाल, कशी घालायची ते वर सांगितलंच आहे. रुसायलाही आलं नाही तर मात्र समज, की लोकांनी तुझ्या पत्रकाचा नाद सोडला.

ताणून धरायचं की नाही, हे विचारू नकोस. धर. मॅनेजरशी भांडायला जाऊ नकोस, त्याने काही होत नाही आणि तुझा स्वभावही तसा नाही. लेख त्याच्या मनासारखा जाऊ दे, 'जिगरबाज' शब्दासकट. खाली फोटो टाक. त्या रात्रीचा तो, ज्यात एकजण खुर्चीवरच झोपलाय. फोटोखाली नावं घाल. लेखावर कात्री चालवणारे फोटोखालच्या ओळीकडे फारसं बघत नाहीत. बघितलंच तर पुढचा अंक आहे.

यादी मला पाठवण्याआधी स्पेलिंग ज्याचं त्याच्याकडून लिहून घे. एचआरच्या यादीवरून उतरवू नकोस, तिथे 'वाघमोडे'चं काय काय करून ठेवलेलं असतं ते मी पाहिलंय. आणि नावं सात नाहीत, आठ आहेत. पहाटे एसी चालू करणारा 'फॅसिलिटीचा माणूस' म्हणून तू ज्याची बोळवण केलीस, त्याचं नाव तुझ्या मॅनेजरने काढलेलं नाही, तूच लिहिलेलं नव्हतंस. तो कंत्राटी असेल, रात्रपाळीला असेल, तर रात्री जा आणि विचार. मंगळवारपर्यंत यादी हवी. बुधवारी मी नाशिकला चाललेय.