आधी लॉरिन हिल ऐक, मग माइक धर

तू विचारलंस, सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भावपूर्ण गायकी) आणि रॅप दोन्ही करायचंय तर सुरुवात कुठून करू? माझं ऐकशील तर लॉरिन हिल या अमेरिकन गायिका-रॅपरपासून. जन्म 1975, न्यू जर्सी. आईच्या जुन्या सोल रेकॉर्ड्स ऐकत ती वाढली. म्हणजे शाळेतल्या सोबत्यासह रॅपच्या नादी लागण्याआधीच तिचा कान तयार होता. तूही तेच कर. बीट्स डाउनलोड करणं नंतर.

तेरा वर्षांची असताना ती न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये गायली. माइकपासून लांब उभी, आवाज पोचेना, लोकांनी हुर्यो उडवली. पोरीनं माइक हातात घेतला आणि गाणं पुरं केलं. शेवटी टाळ्या पडल्या. तो व्हिडिओ शोधून बघच. माइकपासून किती अंतरावर उभं राहायचं, हे मीही असंच फजिती होऊन शिकलो.

आणखी एक. तिच्या फ्यूजीज या रॅप गटाचा 1994 चा पहिला अल्बम फारसा चालला नाही. 1996 चा दुसरा मात्र जगभर गाजला आणि 1998 च्या एकल अल्बमनं तिला एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळवून दिले. तुझं पहिलं गाणं दोनशे जणांनीच ऐकलं म्हणून रडत बसलायस, म्हणून हे सांगतोय. दुसरं कधी रेकॉर्ड करतोयस?