टायटॅनिकवाल्यांचा शंटर

टायटॅनिक बांधणाऱ्या कंपनीनं रेल्वे इंजिन बनवलं होतं का, आणि बनवलं तर एकच का, असं तुम्ही विचारलंय. हो, बनवलं होतं, आणि एकूण एकच नाही. एलएमएसकडे मात्र एकच गेलं. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फचा १९३४ चा डिझेल शंटर, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारं इंजिन; ब्रिटनच्या एलएमएस (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश) रेल्वेवर नंबर ७०५७.

मंदीत गोदीतली जहाजांची कामं आटली होती, पण बोटींची डिझेल इंजिनं बनवण्यात कंपनीचा हात बसलेला होता. डेन्मार्कच्या बर्मायस्टर अँड वेनचा परवाना होता तिच्याकडे. एलएमएसला यार्डातली वाफेची इंजिनं खुपत होती, कारण काम नसतानाही ती कोळसा खात उभी राहायची. म्हणून तिनं निरनिराळ्या कारखान्यांकडून डिझेल शंटरचे मोजके नमुने मागवले.

आता "बोटीचं इंजिन चाकांवर ठेवलं की झालं" हे तुमचं वाक्य. तिथंच तर गोम आहे! बोटीचा पंखा सुरुवातीला पाण्यात सहज फिरतो, वेग वाढेल तसा भार वाढतो. मालगाडीचं नेमकं उलटं. उभे डबे हलवतानाच सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि डिझेल इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर तो देत नाही, सरळ बंद पडतं. म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये काय बसवता, यावर सगळा खेळ. ७०५७ मध्ये गिअर होते. यार्डात घडीघडीला पुढे-मागे करायचं, त्यात दर गिअरला ओढ तुटणार, झटका बसणार.

पुढचाच नंबर, ७०५८, आर्मस्ट्राँग व्हिटवर्थचा डिझेल-इलेक्ट्रिक. इंजिन जनरेटर फिरवतं, चाकांना मोटर ओढते, आणि मोटर जागेवरून उठतानाच भरपूर जोर लावते. माझ्या मते निकाल इथंच लागला. एलएमएसनं पुढे डिझेल-इलेक्ट्रिकचीच वाट धरली. त्याच वाटेवर ब्रिटिश रेल्वेचे ०८ वर्गाचे ९९६ शंटर आले.

७०५७ मात्र भंगारात गेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो बेलफास्टला परतला, चाकं १४३५ मिमीवरून आयर्लंडच्या १६०० मिमी गेजवर (रुळांमधल्या अंतरावर) बसवली, आणि एलएमएसच्याच तिथल्या शाखेत, एनसीसीत (नॉर्दर्न काउंटीज कमिटीत), तो २२ नंबर झाला. थेट १९६५ पर्यंत टिकला. आपली जुनी विक्रांत हारलँड अँड वुल्फनंच बेलफास्टला पुरी करून दिली, १९६१ साली. त्या वर्षीही २२ नंबर सेवेत होताच.