कुमरानच्या 'गुंडाळ्या', 'पोथ्या' की 'भूर्जपत्रे'?

प्रश्न : मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेल्या प्राचीन ज्यू धर्मग्रंथांना मराठीत कोणी 'गुंडाळ्या' म्हणतं, कोणी 'पोथ्या', तर कोणी 'भूर्जपत्रे'. भाषांतर करताना यातलं काय घ्यावं?

'भूर्जपत्रे' आधी बाद करू. भूर्ज हे हिमालयातलं झाड, त्याची साल कुमरानला कुठून येणार? तिथल्या अकरा गुहांत मिळालं ते बहुतेक कातड्यावर लिहिलेलं आहे. थोडं पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदासारख्या पानावर आहे आणि एक चक्क तांब्यावर.

'पोथी' कानाला गोड लागते, पण पोथी म्हटली की आडवी सुटी पानं आणि रुमाल डोळ्यांपुढे येतो. पोथीचं पान उलटतात. इथे उलटायला पान नाहीच. 1947च्या सुमारास गुराख्यांच्या हाती लागलेलं यशयाचं पुस्तक, म्हणजे हिब्रू बायबलमधला यशया या संदेष्ट्याच्या नावाचा ग्रंथ, घ्या : कातड्याचे 17 तुकडे शेजारी शेजारी शिवून केलेला 7.34 मीटरचा सलग पट्टा. एका हाताने उलगडत आणि दुसऱ्या हाताने गुंडाळत वाचायचा. कागदाला कागद चिकटवलेली मोडीतली लांबलचक पत्रं ज्यांनी हाताळली असतील त्यांना ही तऱ्हा नवी नाही. त्यांना 'भेंडोळं' सुचेल, पण त्या शब्दाला अडगळीचा वास आहे. तेव्हा 'गुंडाळी'च बरी. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, आजही हाताने लिहिलेल्या गुंडाळीतूनच वाचतात.

या यशयाच्या गुंडाळीतली एक जागा मुद्दाम पाहावी. चाळिसाव्या अध्यायात 'गवत सुकतं, फूल कोमेजतं' हे शब्द थोड्या अंतराने दोनदा येतात. नकलणाऱ्याची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरली आणि मधला मजकूर गळला. मागाहून दुसऱ्या कोणीतरी तो ओळीच्या वर दाटीवाटीने भरला आणि जागा पुरेना म्हणून समासात उभा खाली उतरवला. त्यात देवाचं नाव न लिहिता चार ठिपके दिले आहेत. गळलेल्या मजकुराला लागूनच 'आमच्या देवाचं वचन सर्वकाळ टिकतं' हे वाक्य आहे, हा योगायोग मोठा गमतीचा! या शोधाआधी हिब्रू बायबलची जुन्यात जुनी मोठी हस्तलिखितं इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांतली होती. ही गुंडाळी त्यांच्याहून हजारभर वर्षांनी जुनी आहे, आणि नकलताना शब्द कसे गळत, कसे भरले जात, ते तिच्यात उघड दिसतं.

तांब्याच्या गुंडाळीला मात्र 'ताम्रपट' म्हणू नका. आपल्याकडे ताम्रपट म्हणजे दानपत्र. ही आहे पुरलेल्या सोन्याचांदीच्या ठिकाणांची यादी. तांबं इतकं गंजलं होतं की उलगडणं अशक्य होतं. शेवटी 1955-56 साली मँचेस्टरमध्ये करवतीने तिच्या पट्ट्या कापल्या, तेव्हा ती वाचता आली.

जेरुसलेमजवळच्या केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यात 1979 साली मिळालेले चांदीचे दोन गुंडाळलेले पत्रे याहून शतकानुशतकं जुने. उलगडल्यावरही मोठा भरला जेमतेम 97 मिलिमीटर. त्यांवर 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो' या, गणना या पुस्तकातल्या आशीर्वादाचे शब्द कोरले आहेत. बायबलमधल्या मजकुराचा सापडलेला हा सर्वांत जुना पुरावा. इथे 'गुंडाळी' अवजड होते, 'सुरळी' म्हणा. ताइतातली सुरळी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, आणि या सुरळ्याही ताईत म्हणूनच वापरल्या असाव्यात.

ख्रिस्ती ग्रंथांकडे वळलात की मात्र हात आवरा. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी गुंडाळीपेक्षा पानांचं, शिवून बांधलेलं पुस्तक जवळ केलं. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राचा, एक पपायरसचा तुकडा आहे, तळहातात मावेल एवढा. अक्षरवळणावरून तो बहुधा दुसऱ्या शतकातला धरतात. तो पाठपोट लिहिलेला आहे, आणि पोटावरच्या मजकुराचाच पुढचा भाग पाठीवर येतो. एवढ्यावरूनच कळतं की हे पुस्तकातलं पान आहे. इजिप्तमध्ये नाग हमादीला 1945 साली मिळालेले, थोमाचं शुभवर्तमान असलेले ग्रंथही कातडी बांधणीचे आहेत. त्यांना 'गुंडाळ्या' म्हटलं तर साफ चूक. 'बांधीव ग्रंथ' म्हणा.

आता कुमरानच्या सगळ्या साठ्याला मिळून काय म्हणायचं? 'हस्तलिखिते'. कारण धड गुंडाळ्या मोजक्याच आहेत. चौथ्या गुहेत तर हजारो चिठोऱ्याच निघाल्या, आणि त्या जुळवण्यात अभ्यासकांची कित्येक वर्षं गेली. आणि हो, 'मृत समुद्रातील' लिहू नका, 'मृत समुद्राकाठची' लिहा. पाण्यातून काही निघालेलं नाही. तिथली हवा कोरडी म्हणून तर कातडं टिकलं.