पहिला कशाने गेला, हे आधी सांगा

पावसाळा सरता सरता येणाऱ्या पत्रांत दरवर्षी एकच गोंधळ असतो. घरातला कुत्रा गेलेला असतो, घर खायला उठलेले असते आणि दुसरा कधी आणावा, असे विचारलेले असते. मात्र पहिला नेमका कशाने गेला, याविषयी 'आजारी होता' यापलीकडे पत्रात एक अक्षर नसते. पशुवैद्याला पहिल्यांदा तेच हवे असते. यांपैकी पहिल्या पत्राचे उत्तर पत्रलेखकांना त्याच दिवशी फोनवरून कळवले होते. इतरांनाही ते उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

प्रश्न : आमचा कुत्रा चार दिवस लाळ गाळत होता, पाणी गिळत नव्हता, त्याचा आवाज बदलला होता, पाचव्या दिवशी तो गेला. दोन वर्षांपूर्वी त्याला एकदा लस टोचली होती. मी त्याला हाताने पाणी पाजत होतो आणि माझ्या हातावर कोयतीचे ओरखडे होते. तो चावलेला नाही, तेव्हा दहा दिवस वाट पाहा, असे शेजारी म्हणतात. नवा कुत्रा कधी आणावा? (मालवण)

उत्तर : नव्या कुत्र्याचा विषय आज बाजूला ठेवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जा. ही लक्षणे रेबीजची असू शकतात. फाटलेल्या त्वचेला लाळ लागली असेल, तर ती चाव्याइतकीच गंभीर मानतात. अशा वेळी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते; त्याचा निर्णय डॉक्टर घेतील. दहा दिवसांची गोष्ट अर्धवट ऐकीव आहे. चावलेल्या जिवंत कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण तेही लस सुरू करून; इथे तर कुत्राच गेला आहे. दोन वर्षांपूर्वीच्या एका लसीवर विसंबू नका. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यापूर्वी उपचार घेतले तर मात्र बचाव होतो. त्याला हाताळलेल्या घरातल्या सर्वांना बरोबर न्या आणि मांजर असेल तर तेही पशुवैद्याला दाखवा. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, त्यामुळे पुढे घरात दुसरा कुत्रा आणायला अडचण नाही.

प्रश्न : बारा वर्षांची आमची कुत्री जाऊन दोन महिने झाले. अजून रडू येते. नातेवाईक हसतात. हा आजार आहे का? (गुहागर)

उत्तर : नाही. बारा वर्षे जिच्या वेळेनुसार घराचे दार उघडत होते, ती गेल्यावर दोन महिने रडू येणे स्वाभाविक आहे. हसणाऱ्यांना उत्तर देत बसू नये. मात्र झोप आणि जेवण सुटले असेल, कामात लक्षच लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र आणि विनामूल्य चालू असतो. ही पोकळी भरण्यासाठी घाईने पिल्लू आणू नये. नव्या पिल्लाची गेलेल्या कुत्रीशी रोज तुलना होते आणि त्यात त्या पिल्लाची आबाळ होते.

प्रश्न : दोन कुत्र्यांपैकी एक अचानक गेला. दुसरा दोन दिवस जेवलेला नाही. तो दुःखी आहे का? (अलिबाग)

उत्तर : असेलही, पण दोघांनी एकच उंदराचे औषध खाल्ले नसेल कशावरून? आजच तपासून घ्या.

प्रश्न : विकत आणलेले पिल्लू चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन गेले. मुले हट्ट धरून बसली आहेत. विक्रेता आठवडाभरात निम्म्या किमतीत 'बदली पिल्लू' देतो म्हणतो. फिनेलने घर पुसले आणि खळे पुन्हा सारवले, तर चालेल का? (राजापूर)

उत्तर : चालणार नाही. हे पत्र मला वर्षानुवर्षे येते, फक्त गाव बदलते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही वर्णन केलेली लक्षणे पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांना होणाऱ्या एका विषाणूजन्य रोगाची वाटतात. दवाखान्यात विष्ठेची चाचणी झाली असेल, तर तो कागद शोधून ठेवा. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे तीन ते सात दिवस, क्वचित त्याहून अधिक जातात. तुमचे पिल्लू चौथ्या दिवशी गेलेसुद्धा, म्हणजे तो विषाणू बहुधा विक्रेत्याच्या पिंजऱ्यातूनच आला. बदली पिल्लू त्याच पिंजऱ्यातून यायचे आहे. ही उदारता नव्हे. आजारी पडण्याआधी माल खपवण्याची ती रीत आहे.

आता घराविषयी. हा विषाणू सावलीच्या, दमट जागी कित्येक महिने, कधी वर्षभरही तग धरतो, आणि कोकणातल्या पावसाळी पडवीइतकी सोयीची जागा त्याला दुसरी मिळणार नाही. फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही. घरगुती द्रव ब्लीच तीसपट पाण्यात मिसळून दहा मिनिटे फरशी ओली ठेवली, तर विषाणू मरतो. पण फरशी त्याआधी साबणाने स्वच्छ धुतलेली असली पाहिजे, कारण माती, शेण आणि विष्ठा यांच्यापुढे ब्लीचचा जोर ओसरतो. त्यामुळे सारवलेल्या खळ्यात त्याचा उपयोग जवळजवळ नाही, आणि नव्याने सारवले तर विषाणू फक्त झाकला जातो. ब्लीच फिनेलमध्ये किंवा ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. गोधडी, पट्टा आणि भांडी जाळा किंवा टाकून द्या. कोणाला देऊ नका.

पिल्लाची लस 6 ते 8 आठवड्यांच्या वयात सुरू करून दर 3 ते 4 आठवड्यांनी, निदान 16 आठवड्यांचे वय होईपर्यंत द्यावी लागते, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसींचा परिणाम रोखू शकते. 'दोन डोस झालेत' हे विक्रेत्याचे पालुपद म्हणूनच अपुरे असते. त्याने दिलेली पुस्तिका उघडून पाहा: प्रत्येक डोससमोर लसीच्या बाटलीवरचे लेबल, तारीख, पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक नसेल, तर लस झालीच नाही असे समजा. 2017 च्या नियमांनुसार 8 आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती दाखवायला सांगितले की संभाषण बहुधा तिथेच संपते. पैसे मात्र परत मागा.

तुमच्या घरी पुढचे वर्षभर तरी लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्राच यावा. त्याच्या लसींची खात्री पशुवैद्याकडून करून घ्या आणि मुलांना हे कारण सरळ सांगा. ती आपल्या अंदाजापेक्षा समजूतदार असतात.

प्रश्न : आमचा कुत्रा गोचिडतापाने गेला. नव्याला तो होऊ नये म्हणून आंबा-फवारणीचे औषध पातळ करून अंगाला लावावे काय? (देवगड)

उत्तर : मुळीच नाही. ते अंगातून आणि चाटण्यातून पोटात जाते. मग लाळ, थरथर, झटके, आणि रात्री अकरा वाजता आमचे दार. गोचिडी कुत्र्याच्या अंगावर जितक्या असतात, त्याहून अधिक घरात असतात. मादी रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीवर चढते आणि चिऱ्यांच्या सांध्यांत हजारो अंडी घालते. उपाशी गोचीडही काही महिने जगते. म्हणून नवा कुत्रा येण्याआधी सांधे सिमेंटने भरून घ्या, घरात औषधफवारणी करून घ्या आणि कुत्र्यासाठीचे औषध त्याच्या वजनानुसार पशुवैद्याकडून लिहून घ्या. आधीच्याच्या रक्ततपासणीचा अहवाल सोबत न्या.

प्रश्न : मूत्रपिंडे निकामी झाल्याने कुत्र्याला इंजेक्शन देऊन शांत करावे लागले. त्याचे डोळे उघडेच राहिले, शेवटी श्वासाचा झटका आला. त्याला त्रास झाला का? (रत्नागिरी)

उत्तर : भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून दिल्यावर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि त्यानंतर हृदय थांबते. उघडे डोळे आणि शेवटचा झटका या शुद्ध गेल्यानंतरच्या स्नायूंच्या हालचाली आहेत. प्रसंग तुमच्या डोळ्यांपुढून हलत नसेल, तर ज्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले त्यांच्याकडून तो टप्प्याटप्प्याने समजून घ्या. बहुतेक डॉक्टर सांगतात. एक व्यावहारिक सूचना: ते औषध मृतदेहात राहते आणि उकरून खाणाऱ्या प्राण्यालाही बाधते, तेव्हा खड्डा उथळ राहिला असेल तर वर आणखी माती आणि दगड रचा. विहिरीजवळ पुरले असेल, तर ग्रामपंचायतीशी बोला.

प्रश्न : आमचा सेंट बर्नार्ड उन्हाळ्यात गेला. पुन्हा तसाच हवा आहे. (दापोली)

उत्तर : तो कदाचित उष्माघातानेच गेला. बर्फाळ डोंगरांतला, दाट केसांचा कुत्रा मे महिन्याच्या कोकणी दमटपणात धापा टाकूनही अंगातली उष्णता पुरेशी बाहेर टाकू शकत नाही. तुमच्या वाडीतला एखादा मोठा गावठी कुत्रा तपासणी, लसीकरण आणि नसबंदी करून घरात घ्या.

प्रश्न : गावी आई-वडिलांचा कुत्रा गेला. दिवाळीला मुंबईहून येताना पिल्लू आणून त्यांना चकित करायचे आहे. (चाकरमानी, मूळ गाव कणकवलीजवळ)

उत्तर : आधी त्यांना विचारा. त्यांना हवे असेल, तर ते फटाके संपल्यावर येऊ दे, आणि दवाखान्यात त्याला कोण नेणार, हेही त्याच फोनवर ठरवून घ्या.