सासऱ्यांना लेह झेपेल का?

"मावशी, आम्ही डोंबिवलीचे. घरात सहाजण. सासरे ७१ वर्षांचे, सासूबाई ६७, आम्ही दोघं, मुलगी १३ आणि मुलगा ७ वर्षांचा. मे महिन्यात लडाखला जायचं असं यांनी ठरवलंय. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी 'खारदुंग ला' ही खिंड ओलांडून नुब्रा, तिसऱ्या रात्री पँगाँगला मुक्काम, असा सात दिवसांचा कार्यक्रम आहे. सासऱ्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी शंका काढली तर 'तुला सगळ्यात खोटच दिसते' असं ऐकावं लागलं. ॲडव्हान्स भरून झालाय. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, 'तुम्ही न्याल तिथे येऊ.' मी आता गप्प बसावं का?"

अगं, अजिबात गप्प बसू नकोस. तुझी शंका रास्त आहे. फक्त "मला भीती वाटते" अशी सुरुवात केलीस तर ते तुझी भीती घालवत बसतील आणि कार्यक्रम आहे तसाच राहील. एखाद्या रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, दोघंच नकाशा घेऊन बसा. बोलायचं ते उंचीबद्दल.

आपलं कळसूबाई ५,४०० फूट. महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. म्हणजे दिल्लीहून निघालेलं विमान दीडेक तासात तुम्हाला दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्याएवढ्या उंचीवर नेऊन सोडतं. तिथल्या हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवाच विरळ. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश, आणि साडेसतरा हजार फुटांवरच्या खारदुंग ला इथे जवळजवळ निम्मा. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि व्यायामाच्या सवयीने ते दिवस कमी होत नाहीत. रोज सकाळी पळायला जाणारा तरुणही लेहच्या पहिल्या रात्री डोकं धरून बसू शकतो.

म्हणूनच विमानाने आलेल्यांनी पहिले ४८ तास लेहमध्येच विश्रांती घ्यावी, असं तिथलं प्रशासन सांगतं. डॉक्टरांचा नियम असा, की दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात दीड हजार फुटांहून जास्त वाढवू नये. आता तुमचा कार्यक्रम बघ. विश्रांतीचा दिवसच नाही. नुब्रा दहा हजार फुटांवर, म्हणजे लेहपेक्षा खाली, तिथली झोप त्यातल्या त्यात बरी. पण तिथून दुसऱ्याच रात्री पँगाँगला, जवळजवळ चौदा हजार फुटांवर! एका दिवसात चार हजार फूट. हा कार्यक्रम ठणठणीत माणसासाठीही घाईचा आहे. अँजिओप्लास्टी झालेल्या ७१ वर्षांच्या माणसाला त्यात बसवणं मला मुळीच पटत नाही.

तरी शेवटचा शब्द माझा नको, तुझ्या नवऱ्याचाही नको. सासऱ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, नवऱ्याला बरोबर ने. "प्रवास केला तर चालेल ना?" असं मोघम विचारू नका, त्याला "हो, काळजी घ्या" एवढंच उत्तर येतं. कागदावर लिहून न्या: कोणत्या रात्री किती फुटांवर झोपणार, कोणता घाट किती उंच, जवळचं मोठं रुग्णालय किती तासांवर. विरळ हवेसाठी काही जण डायमॉक्सच्या गोळ्या आधीपासून घेतात. त्या द्यायच्या की नाही, हेही सासऱ्यांची चालू औषधं बघून तेच ठरवतील. शेजाऱ्यांनी घेतल्या म्हणून आपण घ्यायच्या नाहीत. धाकट्याबद्दल मुलांच्या डॉक्टरांना विचार. सात वर्षांच्या मुलाला "डोकं जड झालंय, मळमळतंय" हे नीट सांगता येत नाही, तो नुसती किरकिर करतो, आणि प्रवासात किरकिरीकडे लक्ष कुणाचं असतं?

ॲडव्हान्सचं म्हणशील तर आधी तारीख किंवा ठिकाण बदलून मिळतं का ते विचारा. नाहीच मिळालं तर ते पैसे गेले असं समजा. भरलेत म्हणून जायचं, हा हिशेब चुकीचा आहे.

नवऱ्याला नुसतं "नको" म्हणून चालणार नाही, हातात दुसरं काही हवं. मला विचारशील तर हिमाचलातलं किन्नौर. चंदीगडपर्यंत जा, तिथून कालका, आणि कालक्याहून शिमल्याची छोटी गाडी. ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे, १९०३ पासून चालू आहे, आणि २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. माथेरानच्या गाडीवर जीव असलेल्या मुलांना तर हा प्रवासच निम्मी सहल वाटेल. शिमला सात हजार फुटांच्या थोडं वर. तिथे दोन रात्री काढा. मग सतलजच्या खोऱ्याने सराहन, साधारण शिमल्याच्याच उंचीवर. तिथलं भीमाकालीचं लाकूड-दगडाचं देऊळ सासूबाईंना आवडेल असं माझं मन सांगतं. पुढे बास्पा नदीकाठी सांगला, पावणेनऊ हजार फूट, आणि शेवटी कल्पा, दहा हजारांच्या जरा खाली. कल्प्याला खोलीची खिडकी उघडली की समोर किन्नर कैलासची रांग, मे महिन्यात बर्फाने भरलेली. सकाळचं पहिलं ऊन शिखरावर पडताना बघायला सासऱ्यांना पांघरुणातून बाहेरसुद्धा यावं लागणार नाही. जिल्ह्याचं ठिकाण रेकाँग पिओ कल्प्याच्या खालीच आहे, जिल्हा रुग्णालय तिथेच. परतीला नारकंड्याला एक रात्र थांबा, एका दमात शिमला गाठू नका. दिवस कमी पडले तर सांगला गाळा. सांगल्याच्या पुढचं चितकुल गाव मात्र लेहच्याच उंचीला जातं, तेव्हा ते मुलांसाठी आणि तुमच्यासाठी, दिवसा जाऊन यायचं. हा कार्यक्रमही डॉक्टरांना दाखवाच.

इथेही अडचणी आहेत. रस्ता कडा कोरून काढलेला, वळणांचा. कुणाला गाडी लागत असेल तर गोळ्या जवळ ठेवा, आणि गाडी दिवसाच चालवायची हे ड्रायव्हरला आधीच सांगा. खोल्या घेताना फोनवर एक प्रश्न नक्की विचार: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? डोंगरातली हॉटेलं उतारावर बांधलेली असतात. फोटोत सुंदर दिसणारी खोली चाळीस पायऱ्या खाली निघते, आणि गुडघे दुखणारं माणूस दोन दिवस खोलीतच अडकतं. कमोड आहे का, गरम पाणी कोणत्या वेळेला येतं, तेही विचार.

आणि लडाख? तुझ्या नवऱ्याचं ते स्वप्न असणार. अशी स्वप्नं चाळिशीत फार जपलेली असतात, त्यावर पाणी ओतू नकोस. "लडाखला आपण जाऊच, पण त्याला दहा-बारा दिवस देऊ आणि श्रीनगरहून रस्त्याने जाऊ" असं म्हण, आणि मनापासून म्हण. श्रीनगर पाच हजार फुटांवर, मधला कारगिलचा मुक्काम पावणेनऊ हजारांवर, म्हणजे शरीराला चढायला वेळ मिळतो. तरी लेहला पोचल्यावर दोन दिवस काही करायचं नाही, हा नियम तेव्हाही सुटणार नाही.

आता सासूबाईंचं ते वाक्य, "तुम्ही न्याल तिथे येऊ." पत्र वाचताना मी तिथेच अडखळले. मी माझ्या आईला रोहतांगला नेलं होतं. मनालीला पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी, एका दिवसात साडेसहा हजार फुटांवरून तेरा हजारांवर. मुलं बर्फात लोळत होती, आम्ही फोटो काढत होतो. आई गाडीत पदर तोंडावर धरून बसली होती. मी काचेवर टकटक केली तर हसली, "तुम्ही खेळा, मी इथून बघते" म्हणाली. रात्री तिला उलट्या सुरू झाल्या तेव्हा कळलं, की तिचं डोकं सकाळपासून फुटत होतं. "तुमचा दिवस कशाला खराब करायचा," हे तिचं उत्तर. सकाळपर्यंत ती सावरली. मला मात्र ती गाडीतली आई अजून दिसते. एवढ्या तयारीत, आई तुला बर्फ बघायचाय का, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

आपल्या घरांतल्या बायका आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात काय हवं ते बघत आल्या. चारचौघांत विचारलंस तर सासूबाई पुन्हा तेच म्हणतील. म्हणून नवरा आणि सासरे समोर नसताना, मेथी निवडायला दोघी बसाल तेव्हा विचार. "लडाख चालेल का?" असं नको, त्याला "हो"च येईल. "आई, डोंगरात गेल्यावर तुम्हाला काय बघायचंय? चालायला आवडेल की एका जागी बसायला? सकाळी किती वाजता निघालेलं सोसतं?" असं विचार. उत्तर लगेच येणार नाही. दुसऱ्यांदा विचार. कदाचित देऊळ म्हणतील, कदाचित नातवाबरोबर रेल्वेत बसायचंय म्हणतील, कदाचित "मला घरीच राहू दे, माझ्या बहिणीकडे चार दिवस जाऊन येते" असंही म्हणतील. तेही मनावर घे.

आणि हो, तुला काय हवंय ते पत्रात कुठेच नाही. सहा जणांच्या गोळ्या, स्वेटर आणि डबे भरणारी तूच असणार. निदान एक सकाळ अशी ठेव, की मुलांना त्यांचा बाबा सांभाळेल आणि तू एकटी फिरून येशील. हे निघायच्या आधीच ठरवून घे.

सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी मावशी